तामिया टीएस स्प्रे: मुंबईच्या दमट हवेत १/२४ ची काळी-पिवळी रंगवताना

१/२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेल गाडीवर एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं अवजार) न वापरता खऱ्या गाडीसारखी चकाकी हवी असेल, तर मुंबईतल्या फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याला तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या टीएस स्प्रेइतका भरवशाचा रंग दुसरा नाही. पण हा भरवसा साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढाच. जून ते सप्टेंबरमध्ये तोच कॅन, तोच हात आणि तीच बॉडी घेऊनही निकाल पार वेगळा लागतो आणि बिचाऱ्या रंगाला नावं ठेवली जातात. त्यामुळे हे परीक्षण कॅनचं आहे, तितकंच तो कधी उचलायचा आणि कधी कपाटात राहू द्यायचा याचंही आहे.

कसोटीसाठी प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी घेतली आहे, कारण रंगाच्या दृष्टीने काळी-पिवळी हा सर्वांत कठीण पेपर. चकचकीत काळा एकही दोष लपवत नाही. पिवळ्याची झाकण्याची ताकद सगळ्यात कमी. आणि दोन्ही एकाच बॉडीवर, मधे एक स्वच्छ रेषा ठेवून बसवायचे. शिवाय ही गाडी आता रस्त्यावर दिसत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती बंद झाली. त्यानंतर ही टॅक्सी शेल्फवर असावी असं वाटणारे पुष्कळ जण भेटतात. १/२४ ची बॉडी बहुतेक जण रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतात. खाली जे लिहिलं आहे ते जवळपास सगळं तामियाच्या नेहमीच्या प्लॅस्टिक किटलाही तसंच लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

कॅनमध्ये काय आहे

टीएस म्हणजे १०० मिलीचा सिंथेटिक लॅकरचा कॅन, पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकसाठी बनवलेला. तामियाचाच पीएस कॅनही तसाच दिसतो, पण तो रिमोट कंट्रोल गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहे. घाईत पीएस उचलून स्टायरिनच्या बॉडीवर मारला तर काम बिघडतं. म्हणून रंगाचं नाव वाचण्याआधी आकड्याआधीची अक्षरं वाचा.

या कामाला चार-पाच कॅन लागतात: पांढरा फाइन सरफेस प्रायमर, टपाला टीएस-४७ क्रोम यलो, बॉडीला टीएस-१४ काळा, खालच्या चॅसीला टीएस-२९ सेमी ग्लॉस काळा आणि वरून टीएस-१३ क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर. टपासाठी टीएस-१६ यलोही चालतो. तो जरा लिंबाकडे झुकणारा आहे, तर टीएस-४७ थोडा उबदार. ऊन खाल्लेल्या टॅक्सीच्या टपाला टीएस-४७ च जवळचा वाटतो. १/२४ ची एक बॉडी एका कॅनमध्ये आरामात होते आणि काळा तर उरतोही. कॅनमध्ये किती रंग राहिला हे हलवून कळत नाही. नवा कॅन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून आकडा बुडावर मार्करने लिहून ठेवा. दर वेळी पुन्हा वजन केलं की शेवटच्या ओल्या हाताला रंग पुरेल की नाही, ते आधीच समजतं. अर्ध्या टपावर कॅन संपण्यासारखं वाईट काही नाही.

या रंगाची खरी ताकद त्याच्या नोझलमध्ये आणि आपोआप सपाट होण्याच्या गुणात आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे गाडीचे टच-अप स्प्रे कितीतरी स्वस्त असतात, पण त्यांचा फवारा पत्र्याच्या दरवाजासाठी असतो: जाड थेंब, भरपूर रंग आणि धातूसाठी बनवलेला कडक थिनर. स्टायरिनवर तो थिनर प्लॅस्टिकच खातो. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येतात आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत. एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरचंही तेच. गॅरेजवाल्याचं सामान पत्र्याला उत्तम आहे, प्लॅस्टिकच्या मॉडेलला नाही.

जाडीचा हिशेब एकदा मनात पक्का बसू द्या. खऱ्या गाडीवर रंगाचा सगळा थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. त्याला २४ ने भागलं तर चार मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उरतात, आणि एवढा पातळ हात कुठल्याही कॅनने देता येत नाही. मॉडेलवर प्रायमर, रंग, क्लिअर मिळून ५० मायक्रॉन सहज होतात. खऱ्या गाडीच्या मापात तो सव्वा मिलिमीटरचा लेप झाला. दरवाजाची फट खऱ्या गाडीत पाच मिलिमीटर धरली तर मॉडेलवर ती ०.२ मिलिमीटर. दोन्ही कडांवर ५० मायक्रॉन चढले की फट निम्मी झाली. दरवाजे बुजलेली, साबणाच्या वडीसारखी दिसणारी मॉडेल अशीच तयार होतात. टीएसचा हात एअरब्रशपेक्षा जाड बसतो, हा त्याचा मोठा तोटा. त्यावर इलाज एकच: प्रायमर मारण्याआधी दरवाजे, बोनेट, डिकी यांच्या सगळ्या रेषा कटरच्या पात्याच्या मागच्या बाजूने किंवा स्क्रायबरने हलक्या हाताने तीन-चार वेळा ओढून खोल करायच्या. रुंद नाही, खोल.

बॉडी तयार करणं

प्रिंट आल्यावर आधी माप घ्या. पद्मिनीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) २३४० मिलिमीटर, म्हणजे १/२४ ला ९७.५. चाकांच्या कमानींच्या मध्यापासून मध्यापर्यंत एवढं भरलं नाही तर प्रिंट कुठेतरी आक्रसलं आहे, आणि चॅसी बसवताना ते नडेल. मग थरांच्या रेषा बघा. ०.०५ मिलिमीटरच्या थराने छापलेलं प्रिंट डोळ्यांना गुळगुळीत वाटतं, पण खऱ्या गाडीच्या मापात त्या सव्वा मिलिमीटर उंचीच्या पायऱ्या आहेत, आणि टपाच्या उतारावर चकचकीत पिवळा पडला की त्या नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या उठून दिसतात. ४०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासायला सुरुवात करा, ६०० आणि मग १००० वर जा. नागदेवी स्ट्रीटला हे कागद सुट्टे मिळतात. चांगल्या कंपनीचेच घ्या, कारण स्वस्त कागदात एखादा जाड कण असतो आणि तो टपभर एक लांब ओरखडा ओढतो.

प्रिंट नीट पिकलेलं, म्हणजे यूव्ही उजेडाने पूर्ण कडक झालेलं नसेल तर त्यावर कुठलाच रंग वाळत नाही. बॉडी आतून, विशेषतः खांबांच्या कोपऱ्यांत, बोटाला चिकट लागत असेल तर पुन्हा आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून यूव्ही दिव्याखाली ठेवा. स्टायरिनच्या किटला ही कटकट नाही. तिथे फक्त साच्याचा तेलकटपणा भांड्यांच्या लिक्विडने आणि जुन्या मऊ टूथब्रशने धुतला की झालं. लाल किंवा गडद प्लॅस्टिकचं किट फिकट रंगात करायचं असेल तर प्लॅस्टिकचा रंग लॅकरमधून वर झिरपतो आणि आठवड्याभराने पांढरी गाडी गुलाबी होते. त्यासाठी प्रायमरखाली चंदेरी रंगाचा एक पूर्ण हात द्या.

धुतल्यावर बॉडीला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेप लावून टपाच्या आतून बॉडी बसवा. बाटली फिरवून सगळ्या बाजू समोर घेता येतात आणि पाण्याच्या वजनामुळे ती कलंडत नाही.

प्रायमरचे दोन पातळ हात पुरतात. पांढरा प्रायमर केवळ चिकटण्यासाठी नाही. पिवळ्याखाली जे असेल तेच वर दिसतं, म्हणून टप एकसारखा पांढरा होईपर्यंत पुढे जाऊ नका. पहिल्या हातानंतर ओरखडे आणि खड्डे दिसू लागतात. तिथे पुट्टी लावून १००० ने घासून पुन्हा प्रायमर. हे काम कंटाळवाणं आहे, पण काळ्या रंगात दिसणारा प्रत्येक दोष इथेच जन्मलेला असतो.

हवा

मॉडेलच्या रंगकामावर जपान-युरोपात जे लिहिलं जातं त्यात थंडीची काळजी असते: कॅन कोमट पाण्यात ठेवा म्हणजे दाब वाढेल. मुंबईत त्याची गरज वर्षातून जेमतेम दोन आठवडे, जानेवारीतल्या पहाटे. कॅन ४० अंशांच्या वर कधीच नेऊ नये, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी ठेवलेला कॅन कुणी गरम न करताही तिथे पोचतो. आपला शत्रू थंडी नाही, ओल आहे.

ती कशी काम करते ते समजून घेतलं की निम्मे प्रश्न सुटतात. फवाऱ्यातला गॅस आणि थिनर उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातात, त्यामुळे ओला रंग काही क्षण आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड असतो. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, सुमारे २७ अंशांवर असतो. म्हणजे रंग तीन अंशांनी थंड झाला की हवेतलं पाणी त्यावर धरलं. ते पाणी लॅकरच्या वरच्या थरात अडकतं आणि रंग पांढुरका पडतो. काळ्यावर तो राखेचा हात फिरवल्यासारखा दिसतो. त्याच ३० अंशांना आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १८ अंशांच्या थोडा वर, म्हणजे अकरा-बारा अंशांची सवड मिळते आणि तोच कॅन आरशासारखा बसतो.

यासाठी आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. तामियाच्या कुठल्याही महागड्या अवजारापेक्षा मुंबईत तो जास्त उपयोगी आहे. ६५ टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर निर्धास्त मारा. ६५ ते ७५ मध्ये पातळ हात चालतात, ओला हात नाही. त्यावर गेला की प्रायमर घासा, चाकं रंगवा, आतलं डॅशबोर्ड जोडा, पण कॅन उचलू नका. समुद्राजवळच्या घरात सकाळपेक्षा दुपारी दोन ते चारमध्ये आकडा बराच खाली येतो. तीच वेळ साधा.

एसीचा मोह इथे फार जणांना फसवतो. एसीच्या खोलीत हवा कोरडी असते हे खरं, पण तिथे फवारा मारणं धोक्याचं आहे: गॅस ज्वलनशील, खोली बंद आणि वास तासन्‌तास तसाच. म्हणून बॉडी एसीत ठेवून, गार झालेली तशीच उचलून बाल्कनीत रंगवली जाते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसाच त्या २४ अंशांच्या बॉडीला बाहेरच्या दमट हवेत येतो. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक, पण रंग त्यावरच बसतो. क्रम उलटा हवा. बॉडी बाहेरच्याच तापमानाला अर्धा तास डब्यात झाकून ठेवा, बाहेर फवारा मारा, थिनर उडून जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बाहेरच उलट्या टोपाखाली राहू द्या, आणि मग हवं तर कोरड्या खोलीत आणा.

सुरक्षेचं इथेच सांगतो. फवारा मारताना घरातला गॅस, अगरबत्ती, देवघरातली समई, सगळं विझलेलं हवं. धुळीसाठीचा एन-९५ मास्क थिनरची वाफ अडवत नाही. कोळशाच्या काडतुसांचा ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क लागतो. बाल्कनीत मोठा खोका आडवा ठेवून त्यात फवारा मारला की शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडत नाहीत.

पिवळा आधी, काळा नंतर

कॅन आतली गोळी वाजू लागल्यावर पुढे पूर्ण एक मिनिट हलवा. पिवळ्यात रंगद्रव्य खाली बसतं, त्याला दीड मिनिट द्या. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बॉडीच्या बाहेरच थांबवायचा, कारण पहिला आणि शेवटचा थेंब जाड असतो.

पहिला हात २५-३० सेंटिमीटरवरून, धुकं पसरल्यासारखा. यात टप पिवळा दिसला पाहिजे असं अजिबात नाही. नेम कडांवर धरा: टपाची पन्हळ (कडेने पाणी वाहून जायची खाच), काचांच्या चौकटी, खांबांचे कोपरे. ओला रंग टोकदार कडांपासून आपोआप मागे सरकतो. कडा आधी धरून ठेवल्या नाहीत तर शेवटी तिथे पांढरा प्रायमर डोकावतो. पंधरा मिनिटांनी दुसरा तसाच. मग २० सेंटिमीटरवरून दोन मध्यम हात, मधे वीस-वीस मिनिटं. इथपर्यंत पिवळा भरलेला पण किंचित खरबरीत असतो, आणि नवखा माणूस इथेच घाबरून रंग ओततो. ओतू नका. शेवटचा एकच ओला हात, १५ ते १८ सेंटिमीटरवरून, न थांबता.

हा ओला हात डोळ्यांनी मोजायचा असतो. ट्यूबलाइट टपात दिसेल अशा कोनात बाटली धरा. कॅन पुढे सरकेल तसं प्रतिबिंब बदलतं: आधी ते वाळूवर पडलेल्या उजेडासारखं फुटलेलं असतं, मग कण एकमेकांत मिसळतात, आणि एका क्षणी नळीची कड सरळ रेघ होऊन उभी राहते. तो क्षण दिसला की हात पुढे गेलाच पाहिजे. अर्धा सेकंद जास्त थांबलात तर पन्हळीपाशी रंग जमून ओघळ येतो, अर्धा सेकंद आधी निघालात तर संत्र्याच्या सालीसारखं पोत राहतं. टीएसमधली गंमत ही की साल थोडी राहिली तरी वाळताना तो रंग आक्रसून अजून सपाट होतो. त्यामुळे चुकायचंच असेल तर कमीकडे चुका.

टप ४८ तास ठेवा. पावसाळ्याच्या काठावर काम करत असाल तर चार दिवस. नखाने आतल्या बाजूला दाबून ठसा उठला नाही की टेप लावायला हरकत नाही. पिवळा कुठे संपतो आणि काळा कुठे सुरू होतो हे किटच्या पन्हळीवरून नाही, खऱ्या टॅक्सीचे फोटो समोर ठेवून ठरवा. मागच्या खांबापाशी अंदाजाने रेषा मारली की गाडी लगेच परकी वाटते. रेषेसाठी तामियाचा सहा मिलिमीटरचा पिवळा मास्किंग टेप घ्या. तो काचेवर चिकटवून धारदार पात्याने दीड-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. टेपची मूळ कड धूळ लागून दातेरी झालेली असते, कापलेली कड स्वच्छ असते, आणि बारीक पट्टी वळणावर सुरकुती न पाडता वळते. उरलेल्या टपाला रुंद टेप किंवा कागद. हार्डवेअरच्या दुकानातला जाड मास्किंग टेप टपावर लावू नका. दमट हवेत त्याचा गोंद पिवळ्यावर राहतो.

आता ज्या एका पायरीने रेषा वाचते ती. टेप घट्ट बसवल्यावर काळा मारण्याआधी टेपच्या कडेवर पुन्हा पिवळ्याचाच एक धुक्यासारखा हात द्या. टेपखाली जी काही फट असेल तीत पिवळा शिरतो आणि पिवळ्याखाली पिवळा दिसत नाही. फट बुजली, आता काळ्याला आत जायला वाट नाही. वीस मिनिटांनी काळा: दोन धुकट, एक मध्यम, एक ओला. काळ्याची झाकण्याची ताकद जबरदस्त आहे, चौथ्या हातानंतर आणखी मारणं म्हणजे फक्त फटी बुजवणं. शेवटच्या हातानंतर अर्ध्या तासात, रंग हाताला कोरडा पण आतून मऊ असताना, टेप स्वतःवर उलटा दुमडून हळू ओढा. पूर्ण कडक झाल्यावर ओढलात तर काळा कडेवर तुटतो. रेषेवर बारीक उंचवटा राहतोच. तो आठवड्याने ३००० च्या स्पंजने दोन-तीन फेऱ्यांत बसतो.

पाट्या आणि डिकॅल (पाण्यात भिजवून लावायची छापील पातळ चित्रं) क्लिअरच्या आधी. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. ५०० बाय १२० मिलिमीटरची पाटी १/२४ ला २०.८ बाय ५ होते, ३४० बाय २०० ची चौकोनी पाटी १४.२ बाय ८.३. घरच्या प्रिंटरवर पारदर्शक कागदावर पिवळं छापून काळ्यावर लावलं तर ते दिसणारच नाही, कारण शाई पारदर्शक असते. पांढऱ्या पाठीचा डिकॅल कागद वापरा. लावल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या, मगच टीएस-१३.

टीएस-१३ क्लिअर हा या सगळ्या संचातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात घातक कॅन. त्यातला थिनर तीव्र आहे. पहिलाच हात ओला मारला तर डिकॅल सुरकुततात, विरघळतात, आणि खालचा पिवळाही हलतो. दोन नाही, तीन धुकट हात द्या, प्रत्येकामागे अर्धा तास. त्यांचं कवच झालं की मग दोन ओले. अगदी साध्या काळ्या भागाला क्लिअर लागतोच असं नाही. टीएस-१४ स्वतःच चकचकीत आहे. पण पॉलिश करायचं असेल तर क्लिअर हवा, म्हणजे घासताना काळा उघडा पडत नाही. गॅरेजमधला टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) क्लिअर याहून कडक आणि चमकदार बसतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतं. राहत्या घरात तो नकोच.

पॉलिशचं थोडक्यात. किमान एक आठवडा थांबा. २००० आणि ३००० चा स्पंज पाण्यात बुडवून, मग तामियाचे कोर्स, फाइन, फिनिश हे तीन कंपाउंड, प्रत्येकाला वेगळं फडकं. बोनेटची मधली उभार रेषा, मडगार्डच्या कडा, पन्हळ, यांवर घासण्याआधी टेप लावा. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत प्रायमर दिसतो. टॅक्सीला आरशासारखं करायचं की नाही हा प्रश्न मात्र पडायला हवा. रोज सकाळी फडकं मारलेल्या पद्मिनीला मेणाची चमक असायची, प्रदर्शनातल्या गाडीची नाही. फाइन कंपाउंडवर थांबलात तर गाडी जास्त खरी वाटते, असं माझं ठाम मत आहे.

काय बिघडतं आणि का

काळ्यावर पांढुरकी झाक आली तर लगेच पुसू किंवा घासू नका. पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या दिवशी त्यावर त्याच रंगाचा एक पातळ-ओला हात द्या. नवा थिनर वरचा थर पुन्हा मऊ करतो, अडकलेली ओल निघून जाते आणि बहुतेक वेळा झाक जाते.

पिठासारखा खरखरीत हात म्हणजे रंग हवेतच वाळला. एप्रिल-मेमधल्या दुपारी आणि पंख्याखाली हे होतं. पाच सेंटिमीटर जवळ या आणि पंखा बंद करा.

फवारा मधेच थुंकायला लागला तर कॅन हातात धरून बघा, गार लागेल. सलग मारल्याने आतला गॅस थंड होतो आणि दाब उतरतो. दर आठ-दहा सेकंदांनी थांबा. शंका असेल तेव्हा ओला हात देऊ नका, कारण थुंकी नेमकी टपाच्या मधोमध पडते.

सुरकुत्या आल्या तर खाली एनॅमल आहे. क्रम कायम लक्षात ठेवा: लॅकर आधी, त्यावर अॅक्रिलिक किंवा एनॅमल. उलटं चालत नाही. दरवाजांच्या रेषांत भरायचा एनॅमलचा पॅनल लाइन रंग टीएसवर निर्धास्त चालतो आणि एनॅमलच्या थिनरने पुसताही येतो. फक्त तो थिनर आतल्या उघड्या प्लॅस्टिकपर्यंत झिरपू देऊ नका, स्टायरिन ताणाखाली असेल तर तडकतं.

सगळंच बिघडलं तर स्टायरिनची बॉडी ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. काही तासांत रंग फुगतो आणि टूथब्रशने निघतो. काचा आणि दिव्यांचे पारदर्शक भाग त्यात टाकू नका. रेझिनची बॉडी रात्रभर ठेवू नका, अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत राहा.

एअरब्रश असलेल्यांसाठी एक गोष्ट: टीएसचे रंग कॅनमधून काढून एअरब्रशमध्ये वापरता येतात आणि जाडीचा तोटा त्याने बराच कमी होतो. स्ट्रॉ लावून काचेच्या बाटलीत हळू सोडा. रंग बाटलीत उकळल्यासारखा फसफसतो, तो त्यात विरघळलेला गॅस. झाकण सैल ठेवून रात्रभर राहू द्या. घट्ट झाकलंत तर बाटली फुटू शकते, घाई केलीत तर एअरब्रशमधून बुडबुडे येतात.

कॅन आणण्याचंही बघा. विमानाने जाणाऱ्या कुरिअरमधून एरोसोल पाठवता येत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन मागवलेला कॅन जमिनीवरून येतो आणि दिवस जास्त लागतात. रंगकामाचा मुहूर्त डिसेंबरात असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मागवा. लोकलमधून ज्वलनशील पदार्थ नेण्यास मनाई आहे, तेव्हा पिशवीभर कॅन घेऊन गर्दीच्या डब्यात चढू नका. दुकानातून घेताना कॅन उलटा करून बुडाची कड बघा. आपल्या खाऱ्या हवेत वर्षभर पडून राहिलेल्या कॅनला तिथे गंज धरतो. गंज दिसला तर दुसरा मागा. घरी ओल्या फरशीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर न ठेवता लाकडी फळीवर उभा ठेवा, आणि प्रत्येक वापरानंतर कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दोन सेकंद फवारा. नोझलमध्ये राहिलेला काळा वाळला की पुढच्या वेळी पहिलाच हात थुंकणारा निघतो.